भर उन्हात कंदील

सामना संपला की बर्फावरून मशीन फिरवतो मी,
बावीस वर्षं.
ओरखडे पुसणं हे माझं काम.
आज सतरा हजार खुर्च्यांत सहा हजार माणसं होती,
तीही कोट अंगात ठेवून,
निघायच्या बेतात बसलेल्या पाहुण्यांसारखी.

नंतर डोरोटाच्या डायनरमध्ये आम्ही नेहमीचेच.
इथे कॉफी आणि भांडण
दोन्ही दुसऱ्यांदा फुकट भरून मिळतात.

नेव्हिन बँकेत हिशेब तपासतो.
कागदी रुमालावर तो लँटर्न्सचे आकडे मांडतो:
टायरचा कारखाना गेला, त्यामागून निम्मं पोर्ट अल्डन गेलं,
टीव्हीचे पैसे तिकडे चौपट.
तिकडे म्हणजे वाळवंटात,
जिथे बर्फ फक्त पेल्यात असतो.
"आपला बाजार लहान आहे," तो म्हणतो,
डॉक्टर रिपोर्ट वाचतो तसा,
रोग्याकडे न बघता.

लेशेक चमचा आपटतो.
"बाजार? मी बाजार आहे?
पोराच्या बाप्तिस्म्यातून मध्येच उठून गेलो सामन्याला,
बायकोने नऊ दिवस अबोला धरला,
ते कुठल्या रकान्यात लिहिशील?"
नेव्हिन खरंच एक रकाना आखतो.
रिकामा ठेवतो.

यवेट शाळेची बस चालवते.
"मालकाला नवं स्टेडियम हवंय, आपल्या करातून.
शाळेत छताखाली बादल्या मांडल्यात,
आणि याला काचेच्या खोल्या.
जाऊ दे ना मग! बरी ब्याद टळेल."
म्हणते, पण डोक्यावरची टोपी काढत नाही.

"घर फिरलं की वासे फिरतात,
इथे तर वासेच ट्रकमध्ये भरायला निघालेत.
चोरी आहे ही. भरल्या घरातून चोरी."
"भरलेलं कुठे, लेशेक?"
यावर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

काउंटरवर अँब्रोज टकेट टोस्टला लोणी लावत होता,
कडेपर्यंत, कोपरेसुद्धा न सोडता.
म्हणाला, "आपल्या संघाचं नाव कंदील का?"
"दीपगृहावरून असेल," यवेट म्हणाली.
"दीपगृहाला हातात धरायची कडी असते?"

मग त्याने सुरी खाली ठेवली.
"ग्रेव्हनॉकला कोळशाची खाण होती आमची.
बाप तो कंदील घेऊन खाली उतरायचा.
संघ आमचा होता.
एकतीस वर्षांपूर्वी ट्रक आले, रात्रीचे.
त्या रात्री तुम्ही इथे मोटारींच्या टपांवर नाचलात.
मी टीव्हीवर बघत होतो.
लेशेक, तू होतास त्यात. मिशी काळी होती तुझी."

लेशेकचा हात मिशीकडे गेला, आणि मध्येच थांबला.
"मग इथे कशाला आलास?"
"बारा वर्षं शिव्या दिल्या तुम्हाला.
मग खाण बंद पडली, लेक इथे नांदत होती.
पहिल्या सामन्याला गेलो तो तुम्ही हरावं म्हणून.
तिसऱ्या सत्रात बघतो तर मी उभा, ओरडतोय.
कुणासाठी, ते अजून कळलं नाही."

मी गप्प होतो.
दर उन्हाळ्यात बर्फ वितळवतो तेव्हा
मधला कंदील आधी सैल होतो,
मग त्याची कडी सुटते,
पिवळा रंग जाळीकडे वाहत जातो.
हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.
पोरं विचारतात, तेव्हा म्हणतो, तळाशी असतो तो, कायमचा.

"भर उन्हात कंदील घेऊन काय करतील ते?" यवेट म्हणाली.
"तुम्ही काय केलंत?" अँब्रोजने विचारलं,
आणि टोस्ट खायला लागला.

बराच वेळ गेला.
लेशेकने त्याच्याकडे न बघताच विचारलं,
"तिकडे तुझी जागा कुठली होती?"
"ओळ अकरा. खुर्ची चार. खांबामागे.
एक गोल नेहमी दिसायचा नाही."
नेव्हिनने रुमाल पुढे ओढला
आणि रिकाम्या रकान्यात अकरा लिहिले, मग चार,
मग थोडा विचार करून, खांब.

बाहेर माझ्या गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता.
तो खरवडत राहिलो,
काच स्वच्छ झाल्यावरही, जरा वेळ.